नकटी : १९६९ ची महिंद्रा एफसी-१५० पिकअप पुन्हा रस्त्यावर आणताना

पंचगंगाकाठ | १२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज मदत मागायला धागा काढतोय.

आमच्याकडे महिंद्राची एफसी-१५० पिकअप आहे. १९६९ चं पासिंग. आजोबांनी १९७४ मध्ये सेकंडहँड घेतली. ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हिला पुढे बॉनेट नाहीच. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन केबिनच्या आत, दोन सीटांच्या मध्ये, पत्र्याच्या झाकणाखाली असतं. समोरून सपाट दिसते म्हणून गावात सगळे तिला नकटी म्हणायचे. आमच्या गुऱ्हाळातले गुळाचे रवे कोल्हापूरच्या मार्केट यार्डात हिनेच जायचे. परत येताना पेंड, खत, कधी लग्नाची भांडी. आबांनी (माझे वडील) पंचवीसेक वर्षं चालवली. १९९८ मध्ये गिअरबॉक्स आवाज करायला लागला, गुऱ्हाळही बंद झालं, आणि गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली ती तिथेच राहिली.

त्यानंतर ऑगस्ट २०१९ चा महापूर. आमचं गाव नदीकाठचं. शेडमध्ये छातीएवढं पाणी चढलं आणि काही दिवस तसंच होतं. ओसरल्यावर केबिनमध्ये बोटभर गाळ. त्या वेळी घर सावरण्यात वर्ष गेलं, गाडीकडे कोण बघणार? भंगारवाला तीनदा येऊन गेला. आबांनी तिन्ही वेळा काही न बोलता मान हलवली.

आता मी गावी कायमचा आलोय आणि गाडी उभी करायची ठरवली आहे. इंजिन जाम आहे. केबिनचा तळ गळालाय. चासी मात्र हातोडीने ठोकून बघितली, दोन ठिकाणं सोडली तर घट्ट वाजते. सुरुवात कुठून करू?

लेथवाला | १२ जानेवारी, रात्री १०:१५

भावा, पहिलं सांगतो ते ऐक. बॅटरी लावून सेल्फ मारू नकोस. कुणी कितीही म्हणू दे "एक झटका दे, सुटंल." पुराचा गाळ म्हंजे बारीक पॉलिश पेपर. तो बेअरिंगमध्ये बसलाय. फिरवलास की क्रँक गेला म्हणून समज.

आधी सम्पचा (इंजिनाखालच्या तेलाच्या तबकाचा) बोल्ट काढ आणि काय येतंय ते बघ. पाणी खाली बसतं, ते पहिलं येईल. मग चारी प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पॉवर स्टेअरिंगचं तेल अर्धं अर्धं ओत आणि आठ-दहा दिवस विसरून जा. रोज थोडं घालत राहा. मग फ्लायव्हीलच्या दातात टॉमी (लोखंडी कांब) घालून हळूच हलवून बघ. दोन्हीकडं. जोर न्हाई लावायचा, हात लावून विचारायचं फक्त.

ओहायोकर | १३ जानेवारी, सकाळी ८:०५

धागा बघून जीव हरखला. मी ओहायोत राहतो, टोलेडोपासून तासाभरावर. मूळ जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीचा कारखाना टोलेडोचा, त्यामुळे या गाडीची अमेरिकन बहीण इथल्या मेळाव्यांत अजून दिसते.

थोडी कुळकथा सांगतो, कारण पार्ट शोधताना ती कामाला येते. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. अमेरिकेत १९५७ च्या मॉडेलपासून विकली गेली. रूप ब्रूक्स स्टीव्हन्स या मिलवॉकीच्या डिझायनरचं. एफसी-१५० चा व्हीलबेस ८१ इंच, म्हणजे सीजे-५ जीपचाच. त्याच जिपेवर केबिन पुढे सरकवून मागे मालाला जागा केली, असा सगळा हिशेब. तिकडचं उत्पादन साठच्या दशकाच्या मध्यावर थांबलं आणि त्याच सुमारास, १९६५ मध्ये, महिंद्राने भारतात सुरू केलं. १९४७ पासून त्यांचं विलिसशी नातं होतंच. माझगावात जिपा जोडण्यापासून त्यांची सुरुवात झाली.

तुमचं इंजिन बहुधा एफ-१३४ हरिकेन असणार. १३४ घन इंच, २.२ लिटर, ७५ अश्वशक्ती. याची खुबी अशी की आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे उंची वाढली. सीजे-३बी जिपेचं बॉनेट उंच का, तर हे इंजिन खाली मावेना म्हणून. सांगायचा मुद्दा हा की इंजिनाचे बरेच पार्ट जुन्या पेट्रोल जिपेचेच चालतील. "एफसीचा पार्ट" म्हणून मागू नका, "पेट्रोल जीप, हरिकेन" म्हणून मागा.

पंचगंगाकाठ | २ फेब्रुवारी, रात्री ११:१०

लेथवाले काका, तुम्ही सांगितलं तसंच झालं. सम्पमधून आधी दीड लिटर पाणी आलं, मग कॉफीच्या रंगाचं तेल, मग काहीच नाही. भोकात तार घातली तर आत गाळाची खीर. बारा दिवस भिजवलं. तेराव्या दिवशी टॉमी लावला तेव्हा इंचभर हललं. मी आणि चुलतभाऊ दोघे शेडमध्ये काही वेळ नुसते उभे राहिलो.

मग इंजिन उतरवलं. केबिनमधून वर काढायला जागा नाही, म्हणून केबिनच उचलली. आठ माणसं आणि बांबू. खोलल्यावर दिसलं ते असं: १, २ आणि ४ नंबरचे बोअर (सिलिंडरची भोकं) बरे. ३ नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, तिथून पाणी आत गेलेलं. त्या बोअरमध्ये गंजाचे खड्डे, नखाला लागतात. मूळ माप ३.१२५ इंच. क्रँकवर दोन जर्नलला (बेअरिंग बसतं त्या जागांना) रेघा.

लेथवाला | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

३० थाऊ (थाऊ म्हंजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइजला बोअर मारून खड्डे जातात का बघ. नाही गेले तर ४०. एक सिलिंडर खराब म्हणून एकच मोठा करायचा न्हाई, चारी सारखे. त्याहून खोल असंल तर स्लीव्ह, म्हंजे आत नवी नळी. क्रँक १० थाऊ अंडरसाइज. आणि क्रँकच्या तेलाच्या भोकांतले प्लग काढून आत तार घालून साफ कर. पूरवाल्या इंजिनात तिथंच गाळ राहतो आणि सगळं नवं घालून हजार किलोमीटरवर बेअरिंग जातं. माझ्यासमोर दोन इंजिनं अशी गेलीत.

कोल्हापुरात उद्यमनगरला ये. मोजून बघू.

वरदा_नाशिक | ३ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

मी रसायनशास्त्र शिकवते आणि वडिलांची जुनी स्कूटर स्वतः नीट केली आहे. लहान पार्टचा गंज काढायला वीज वापरा. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, दहा लिटरला ४०-५० ग्रॅम धुण्याचा सोडा (खायचा नाही). बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या पार्टला, धन तार जुन्या साध्या लोखंडी पट्टीला. रात्रभर ठेवा. गंज काळा, मऊ होतो आणि ब्रशने निघतो. चांगलं लोखंड झिजत नाही, हा याचा मोठा फायदा. ॲसिड दोन्ही खातं.

तीन गोष्टी मात्र पाळाच. धन तारेला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ वापरू नका. आणि हे उघड्यावर करा, कारण हायड्रोजन सुटतो. तार काढताना ठिणगी नको, आधी चार्जरचं बटण बंद. स्प्रिंगांसारखे कडक पोलादी पार्ट यात घालू नका, हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होऊ शकतात. पार्ट बाहेर काढून वाळवला की तासाभरात तांबूस व्हायला लागतो, तेव्हा प्रायमर तयार ठेवूनच काढा.

रंगारी_सांगली | ३ फेब्रुवारी, रात्री ८:५०

चासीला सँडब्लास्टिंग बिनधास्त करा. केबिनच्या आणि हौद्याच्या सपाट पत्र्याला करू नका. वाळूच्या माऱ्याने पत्रा ताणला जातो आणि फुगतो, मग कितीही ठोका, लाट जात नाही. दारं आणि छत हाताने किंवा पेंट रिमूव्हरने. गळालेला तळ कापून नवा पत्रा जोडा. वरून पुट्टीचे थर देणाऱ्याकडे गाडी देऊच नका. आणि नुसत्या रेड ऑक्साइडवर गाडी पावसाळाभर ठेवू नका, तो ओल शोषतो. इपॉक्सी प्रायमर मारा.

घाटवाट | ५ फेब्रुवारी, सकाळी १०:००

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. पेट्रोल इंजिनावर एवढा खर्च कशाला? प्यूजो डिझेल, पॉवर स्टेअरिंग आणि डिस्क ब्रेक टाका. माझ्याकडे तशी जीप आहे, सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटात नेतो. आज गाडी चालवता आली पाहिजे. नाहीतर शेडमधून काढून दुसऱ्या शेडमध्ये ठेवल्यासारखं होईल.

जुनापत्रा | ५ फेब्रुवारी, दुपारी १:३५

घाटवाट, तुमची जीप चालती आहे, आनंद आहे. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक पेट्रोल जिपांना डिझेल इंजिनं बसली, म्हणून मूळ इंजिनाची गाडी आज दिसत नाही. या घरात मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स, एकाच कुटुंबाच्या हातात पन्नास वर्षं असलेली एफसी आहे. ते एकदा काढलं की परत येत नाही.

पंचगंगाकाठ | ५ फेब्रुवारी, रात्री १०:४५

दोघांचंही वाचून दिवसभर विचार केला. इंजिन तेच राहील. पण ब्रेकबाबत घाटवाट यांच्याशी मी सहमत आहे. या गाडीचा ब्रेक एका सर्किटचा: चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर, एकच लाइन. कुठेही एक पाइप फुटला तर पेडल तळाला जातं आणि चारही चाकं मोकळी. आबांचं एकदा असं झालं होतं. गाडीत तीस रवे होते. बांधावर चढवून थांबवली. त्यामुळे दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवतोय, पुढचं वेगळं, मागचं वेगळं. ड्रम तेच. मूळ मास्टर सिलिंडर तेल लावून डब्यात ठेवेन, म्हणजे पुढे कुणाला परत बसवायचा असेल तर बसवता येईल. चासीला नवं भोक पाडलेलं नाही.

ठाणेकरीण | ८ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१५

कागदपत्रांचं काय केलंत? १५ जुलै २०२१ चे व्हिंटेज वाहनांचे नियम बघा: ५० वर्षांपेक्षा जुन्या वाहनाला 'व्हीए' मालिकेचा नंबर, नोंदणीचे २०,००० रुपये, दहा वर्षं मुदत, नूतनीकरणाचे ५,०००. पण त्यात दोन अडचणी आहेत. त्या व्याख्येत दुचाकी आणि प्रवासी चारचाकी येतात, मालवाहू नाही. तुमच्या आरसी पुस्तकात 'गुड्स' (मालवाहू) लिहिलं असेल तर ती वाट तुमची नाही. दुसरं, व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. चासी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडीही त्यात बसत नाही. आधी मूळ आरटीओत जाऊन नोंद जिवंत आहे का ते विचारा. नवीन काही करण्यापूर्वी चासी नंबरचा ठसा घ्या. ब्लास्टिंगआधी! रंगाखाली पुसट नंबर असेल तर वाळूने तो कायमचा जाईल.

पंचगंगाकाठ | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:००

ठाणेकरीण ताई, तुमचे आभार कसे मानू. उद्या चासी ब्लास्टिंगला जाणार होती. आज सकाळी नंबरच्या जागेवर ग्रीस लावून वर जाड टेप आणि पत्रा बांधला, ठसा आणि फोटो घेतले. पुस्तक आजीच्या ट्रंकेत सापडलं, लग्नाच्या शालूच्या घडीत. 'गुड्स'च लिहिलंय. नेहमीच्या नोंदणीच्या वाटेने, थकलेला कर भरून आणि फिटनेस घेऊन जायचं ठरवलंय. वेळ लागेल.

पंचगंगाकाठ | १८ मार्च, रात्री १०:३०

आज लिहायला बरंच आहे.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मधोमध तडकलेला होता. जुना मिळेना, मिळाला तोही तडकलेला. लेथवाले काका म्हणाले, "आपण कोल्हापुरात आहे. ओतून घ्यायचा." मी म्हटलं, हाच जुना वाळूत दाबून साचा घेऊ. ते मला पॅटर्न (ओतकामाचा लाकडी नमुना) करणाऱ्या एका आजोबांकडे घेऊन गेले. सत्तरीचे, बनियन घातलेले, कानावर पेन्सिल. त्यांनी जुना मॅनिफोल्ड हातात फिरवला आणि विचारलं, "हा दाबून वतला तर नवा केवढा यील?" मला कळेना. मग त्यांनी कपाटातून एक पट्टी काढली. दिसायला साधी फूटपट्टी, पण माझ्या पट्टीशेजारी ठेवली तेव्हा तिचा फूट एक सूत (इंचाचा आठवा भाग) लांब. बिडाचं लोखंड थंड होताना फुटाला एक सूत आकसतं, म्हणून पॅटर्न या मोठ्या पट्टीने मोजून करायचा. जुना तसाच दाबला असता तर दीड फुटाच्या मॅनिफोल्डला दीड सूत कमी पडलं असतं, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. एकही भोक जुळलं नसतं.

त्यांनी सागवानाचा पॅटर्न केला, दोन फाळ्यांत. जिथे फेसिंग होणार (नंतर तासून सपाट करणार) तिथे मुद्दाम जाडी जास्त. आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा (कोअर) लागतो, त्याचा कोअरबॉक्स वेगळा. चौथ्या दिवशी फौंड्रीत ओतला. पहिल्यात कोअर सरकला, एका बाजूची भिंत पातळ आली. काकांनी तिथेच बाजूला टाकला. दुसरा नीट आला. थंड व्हायला रात्रभर वाळूतच ठेवला, लवकर काढला तर पुन्हा तडकतो म्हणाले. पॅटर्न त्यांनी माझ्याकडे दिलाय. इथे कुणाला हरिकेनचा मॅनिफोल्ड हवा असेल तर पॅटर्न पाठवतो, पैसे नकोत, वापरून परत करा.

बोअर ३० ला साफ झाले. क्रँक १०. पिस्टन जिपेचेच बसले.

ओहायोकर | १९ मार्च, सकाळी ७:५०

तो पॅटर्न जपा! इथल्या गटाला फोटो दाखवला, दोघांनी लगेच विचारलं.

पेट्रोलचंही आता बघून घ्या. शिसं असलेलं पेट्रोल भारतात २००० च्या फेब्रुवारीत बंद झालं, तुमची गाडी त्याआधीच थांबली. शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा) झिजत नसत. आता इंजिन उघडं आहेच, तर कडक सीटा बसवून घ्या.

वरदा_नाशिक | १९ मार्च, दुपारी ३:१०

आणि आता २० टक्के इथेनॉल. ते पाणी ओढतं, त्यामुळे गाडी उभी राहिली की टाकीला आतून गंज चढतो. जुन्या पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या फुगून सुटतात. इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या नळ्या आणि पडदा घ्या. मिश्रणही पातळ होतं, इंजिन गरम चालतं, तेव्हा कार्ब्युरेटरचा जेट किंचित मोठा लागेल. महिनाभर चालवणार नसाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

पंचगंगाकाठ | ३० एप्रिल, रात्री ९:२०

एका गोष्टीवर सगळ्यांचं मत हवं आहे.

मागचा फाळका धुताना वरच्या निळ्या रंगाखाली अक्षरं दिसली. रंगारींनी सांगितल्याप्रमाणे केरोसिनचा बोळा आणि लाकडी पट्टीने दोन दिवस हळूहळू वरचा थर काढला. पिवळ्या अक्षरांना लाल सावली: "श्री जोतिबा प्रसन्न". खाली आजोबांचं नाव आणि गाव. 'प्रसन्न' मधला 'न्न' आणि गावाच्या नावाचं शेवटचं अक्षर गेलंय, तिथे नुसता पत्रा आहे. आबांना बोलावलं. ते म्हणाले, १९७५ च्या चैत्र यात्रेआधी लिहून घेतलं होतं, पेंटर जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि आजोबा त्याच्यावर छत्री धरून उभे होते. निळा रंग नंतर आबांनीच मारला, एका जप्तीच्या भीतीच्या काळात, नाव दिसू नये म्हणून. हे मला आजवर माहीत नव्हतं.

बाकी गाडी नव्या रंगाने चकचकीत होणार. फाळका तसाच ठेवू की पेंटर बोलावून अक्षरं पूर्ण करू?

जुनापत्रा | ३० एप्रिल, रात्री ९:५५

हात लावू नका. गेलेलं अक्षर गेलेलंच राहू द्या.

घाटवाट | ३० एप्रिल, रात्री १०:२०

या वेळी मी जुनापत्रा यांच्या बाजूने. बाकी सगळी गाडी नवी करा, पण तो फाळका नाही.

रंगारी_सांगली | १ मे, सकाळी ६:४०

मी अक्षरं लिहिणाऱ्या घरातला. वडील ट्रकच लिहायचे. मला विचाराल तर पूर्ण करू नका, कारण आज कुणीही लिहिलं तरी त्या हाताचं वळण येणार नाही, आणि मग जुनी अक्षरंच चुकीची दिसायला लागतील. पण एक धोका सांगतो: वरून कुणी टू-के क्लिअर (हार्डनर घालून मारायचा पारदर्शक थर) मारून देतो म्हणेल, मारू देऊ नका. त्यातलं थिनर जुन्या एनॅमलला उचलतं, सुरकुत्या पडतात, एका मिनिटात सगळं जातं. उघड्या पत्र्यावर गंजरोधक लावा, अक्षरांवर नुसतं मेण, मऊ कापडाने, वर्षातून दोनदा. फाळक्याच्या आतल्या बाजूला मात्र पूर्ण रंग करा, माल तिथे घासतो.

पंचगंगाकाठ | १ मे, दुपारी १२:३०

आबांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मेण लावा." ठरलं.

पंचगंगाकाठ | २२ जून, रात्री ११:५०

मंडळी, आज नकटी बोलली.

सकाळपासून पॉइंट २० थाऊवर, प्लग ३० वर, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ दोनदा तपासून. आधी प्लग काढून नुसतं सेल्फवर फिरवलं, ऑइलचा काटा वर येईपर्यंत. मग प्लग लावले. तीनदा काहीच नाही. चौथ्यांदा कार्ब्युरेटरमधून मागे फटका आला. लेथवाले काकांनी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला आणि पाचव्यांदा घेतलं. आधी दोन सिलिंडरवर, मग चारी. सगळी शेड धुराने भरली. आई दारातून ओरडली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, एकदाचं लागलं!" आणि आत जाऊन गूळ घेऊन आली.

आबा ७८ वर्षांचे आहेत. ते चढून बसले, क्लच दाबला आणि हात आपोआप गिअरवर गेला. अंगणात पुढे-मागे दोनदा. उतरल्यावर पहिलं वाक्य: "टॅपेट वाजतायत."

लेथवाला | २३ जून, सकाळी ६:१०

आबांचं बरोबर हाय. इंजिन एकदा गरम झालंय, आता पूर्ण थंड झाल्यावर परत बघू. वरचे १८ थाऊ, खालचे १६. शनिवारी येतो.

ओहायोकर | २३ जून, सकाळी ८:३०

डोळे भरून आले. एक लक्षात ठेवा, पहिले पाचशे किलोमीटर ताण देऊ नका आणि शंभरावरच तेल बदला, कितीही स्वच्छ दिसलं तरी. केबिनमधल्या झाकणाखाली उष्णतारोधक चादर घातलीत ना?

पंचगंगाकाठ | २९ जून, रात्री ९:००

घातली. तरी पाय भाजतातच, आबा म्हणतात तेव्हाही भाजायचे.

टॅपेट झाले, आवाज गेला. शंभरावर तेल बदललं, बारीक चमक होती पण गाळ नव्हता. फिटनेसची तारीख पुढच्या महिन्यात. एकच दुखणं उरलंय: हँडब्रेक धरत नाही. या गाडीचा हँडब्रेक चाकांना नाही, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवर ड्रम आहे. उघडला तर लायनर तेलाने चिंब.

लेथवाला | २९ जून, रात्री ९:२५

मागचं ऑइल सील. नुसतं सील बदलून भागणार न्हाई, शाफ्टवर जिथं सील बसतं तिथं खाच पडली असंल, बोट फिरवून बघ. पडली असंल तर स्लीव्ह चढवू. तेल प्यालेले लायनर धुवून परत लावू नकोस, गरम झालं की तेल परत बाहेर येतं. नवे घाल.

पंचगंगाकाठ | २९ जून, रात्री ९:४०

खाच आहे, नखाला लागते. शाफ्ट काढून सोमवारी घेऊन येतो. फिटनेस मिळाला की आबांना घेऊन जोतिबाच्या डोंगरावर जायचंय, पण चढावर हँडब्रेक धरला तरच गाडी तिकडे वळवणार.